तक्रार नसलेली मुलगी

नागाव,
७ जुलै २०२४

चि. कल्पिता,

तुझ्या आईकडून पत्ता घेतला. ती म्हणाली, "दादा, फोनच कर की." पण माझा एक कान पूर्ण गेला आहे आणि दुसऱ्या कानाने जे ऐकू येतं त्याची मला खात्री वाटत नाही. अलिबाग स्टँडवर जन्मभर भोंग्यातून गाड्या पुकारल्या, त्याची ही पेन्शन. म्हणून कागद काढून बसलो.

काम असं आहे. तू पनवेलला मुलांच्या मनाची डॉक्टर आहेस, तर आमच्या ऋत्विकला एकदा बघ. ऋत्विक म्हणजे माझा नातू, अल्पेशचा धाकटा, सात वर्षांचा, इथल्याच शाळेत दुसरीत आहे. हा मुलगा एका जागी बसत नाही. परवा पाहुण्यांच्या खोलीचा पंखा काठीने फिरवायला गेला आणि पातं वाकवलं. नारळावर चढतो. तुला माहीत आहे, घरामागच्या वाडीत अल्पेश आणि नूतनने राहण्या-जेवणाची सोय केली आहे. मुंबईचे पाहुणे येतात, त्यांच्यासमोर हा उलट्या कोलांट्या मारतो. त्यातल्याच एका बाई म्हणाल्या, "याला एडीएचडी असेल, दाखवून घ्या." त्या कुठल्याशा कंपनीत आहेत. तेव्हापासून नूतनने धसका घेतला आहे.

मोठीचं, आरोहीचं काही नाही. ती अगदी गरीब. आवाज म्हणून नाही. या जूनपासून पाचवीला अलिबागच्या मोठ्या शाळेत घातली आहे, एसटीने एकटी जाते-येते. जरा वेंधळी आहे इतकंच. सकाळी एका पायात चप्पल घालून पडवीत उभी असते आणि दुसरी हातात. नूतनने तीनदा हाक मारली की म्हणते, "काय गं?" महिन्याभरात दोन कंपासपेट्या हरवल्या. चाचणीत पेपरच्या पाठीमागचे प्रश्न सोडवलेच नाहीत. विचारलं तर म्हणाली, पाठीमागे होते हे बघितलंच नाही. वय आहे, सुधारेल.

तर ऋत्विकला कधी आणू ते कळव.

तुझा मामा,
अंबाजी


पनवेल,
१९ जुलै २०२४

मामा,

पत्र मिळालं. खूप वर्षांनी कोणीतरी हाताने लिहिलेलं पत्र आलं, म्हणून मीही हातानेच उत्तर लिहिते आहे. अक्षर डॉक्टरचं आहे, सांभाळून घ्या.

आधी ऋत्विक. तुम्ही लिहिलं आहे तेवढ्यावरून मला त्याच्यात काळजीसारखं काही दिसत नाही. त्याच्या बाईंना विचारा, तो वर्गात कसा असतो. दिलेलं काम पूर्ण करतो का, गोष्ट सांगताना शेवटपर्यंत ऐकतो का. तसं असेल तर तो फक्त सात वर्षांचा आहे आणि त्याच्या हाताशी नारळाची वाडी आहे.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते आरोहीसाठी. तिच्याबद्दल तुम्ही पाच-सहा ओळीच लिहिल्यात, पण मला थांबावं लागलं ते तिथे.

एडीएचडी म्हटलं की लोकांना धावणारं, तोडफोड करणारं मूल दिसतं. त्याचा एक प्रकार असा आहे ज्यात मूल अजिबात धावत नाही. ते शांत बसलेलं असतं आणि त्याचं लक्ष तिथे नसतं. समोर उभं राहून बोललं तरी ऐकलं नाही असं वाटतं. वस्तू हरवतात, सोपं येत असतानाही चुका होतात, सुरू केलेलं काम अर्धवट राहतं. मुलींमध्ये हे पुष्कळदा असंच दिसतं आणि म्हणूनच ओळखू येत नाही, कारण त्यांच्यापायी कोणाचं काही मोडत नाही. माझ्याकडे मुलगे दुसरी-तिसरीत येतात. मुली येतात तेव्हा आठवी-नववीत असतात आणि तोवर आपण ढ आहोत हे त्यांचं पक्कं झालेलं असतं.

आरोहीला हे आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कोणालाच म्हणता येणार नाही. पण ऋत्विकऐवजी तिला आणा.

कल्पिता


नागाव,
४ ऑगस्ट २०२४

चि. कल्पिता,

ऋत्विकच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "त्याचं काय? वर्गात सगळ्यात आधी त्याचं लिहून होतं आणि मग दुसऱ्यांना सतावतो." तो प्रश्न मिटला.

आरोहीबद्दल मात्र तुझी गफलत होते आहे असं मला वाटतं. तिचं लक्ष लागत नाही हे खरं नाही. किनाऱ्यावरून शिंपले आणते, ओट्यावर मांडते आणि त्यांची नक्षी करत बसते. दुपार जाते, जेवणाची शुद्ध नसते. परवा शेजारची ठमी येऊन बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली आणि कंटाळून निघून गेली, हिला पत्ता नाही. एवढं चित्त एकाग्र करणारी मुलगी लक्ष नसलेली कशी? मी तर म्हणेन, लक्ष जास्तच आहे.

अल्पेशला तुझं पत्र दाखवलं. तो म्हणाला, "काय न्हाय झालाय तिला. आळस हाय सगळा. शिंपल्यात बरा मन लागतो?" नूतन पाहुण्यांचा चहा टाकायला आत गेली. हल्ली तीच आरोहीला जास्त मारते. मला ते आवडत नाही, पण सुनेला सासऱ्याने किती बोलायचं?

तुझा मामा,
अंबाजी


पनवेल,
१२ ऑगस्ट २०२४

मामा,

शिंपल्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरातून येतो. कोणाकडे चित्रकला असते, कोणाकडे मोबाइलचा खेळ.

या मुलांमध्ये लक्ष कमी असतं असं नाही. ते त्यांच्या ताब्यात नसतं. आवडीच्या ठिकाणी ते इतकं गुंततं की काढून घेता येत नाही. गणिताच्या पुस्तकावर आणून ठेवलं तर टिकत नाही. आरोही ठरवून शिंपल्यांकडे बघत नाही आणि ठरवून फळ्याकडे दुर्लक्षही करत नाही. अल्पेशला आळस वाटतो तो इथेच. आळशी मुलाला काम टाळायचं असतं. हिला काम करायचं असतं आणि ते होत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मी घाईने शिक्का मारणार नाही. आधी बाकीच्या शक्यता बाजूला काढायला हव्यात. अलिबागला तिचे कान आणि डोळे तपासून घ्या. रक्त तपासा, अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी मूल असं मलूल, हरवलेलं वाटतं. झोप पुरेशी होते का ते बघा. आणि एक गोष्ट नीट निरखा. ती हरवलेली असते तेव्हा खांद्याला हात लावला तर लगेच भानावर येते का? की बोलता बोलता, घास तोंडात असताना, मध्येच थिजते, पापण्या थरथरतात आणि हात लावूनही काही क्षण येत नाही? दुसरं असेल तर ती फिट, म्हणजे आकडी, असू शकते आणि त्याचा इलाज वेगळा आहे. तसं दिसलं तर थांबू नका, लगेच आणा.

शिवाय चौथीपर्यंतच्या तिच्या जुन्या बाईंना विचारा. शाळा बदलल्याने मूल बिथरतं, तेवढंच असेल तर हे या जूनपासून असेल. एडीएचडी असेल तर ते आधीपासून असणार, आणि घरी, शाळेत, दोन्हीकडे दिसणार.

सोबत काही प्रश्न पाठवते आहे. आरोहीबरोबर सगळ्यात जास्त वेळ जो असतो, त्याने उत्तरं लिहावीत. म्हणजे बहुतेक नूतनने.

कल्पिता


नागाव,
२२ सप्टेंबर २०२४

चि. कल्पिता,

गणपतीत पाहुण्यांची गर्दी होती, उत्तराला उशीर झाला. उशीर होण्यासारखं दुसरंही घडलं, ते पुढे लिहितो.

कान उत्तम आहेत. डोळेही. रक्त थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. खांद्याला हात लावला की लगेच दचकून बघते, थिजत वगैरे नाही. हे मी स्वतः पुन्हा पुन्हा बघितलं, शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, सारखं काय?"

जुन्या बाई नीराबाई, त्या आता चौलला असतात. त्यांनी लगेच सांगितलं, "आरोही पहिलीपासून तशीच. मी तिला माझ्या टेबलाला लावून बसवायची. प्रत्येक ओळीनंतर बोट ठेवून दाखवायची. वर्गात चौदा पोरं, मला जमत होतं. मोठ्या शाळेत कोण बोट ठेवणार?" चार वर्षं ही मुलगी त्या बोटावर चालत होती आणि आम्हाला वाटत होतं ती आपली आपण चालते.

आता ते दुसरं. गेल्या सोमवारी आरोही शाळेतून घरी आली नाही. पाच वाजले, सहा वाजले. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, ती आमच्याबरोबर गाडीत बसली होती, उतरताना बघितली नाही. अल्पेश मोटरसायकल घेऊन शाळेकडे गेला. मी अलिबाग स्टँडवर गेलो. माझं अर्धं आयुष्य तिथे गेलं आहे, त्यामुळे मला वाटलं माझ्याशिवाय हे काम कोणाला जमणार नाही. कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसून चौकशा केल्या, ओळखीच्या कंडक्टरांना फोन करायला लावले. आणि ती त्या वेळी उलट्या टोकाला, रेवदंड्याला बसली होती.

नागाव आलं तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती. गाव गेलं, चौल गेलं, शेवटच्या थांब्याला सगळे उतरले तशी उतरली. परतीची गाडी समोर लागलेली, पास दप्तरात. पण ती बसली नाही. बाकावर बसून राहिली. स्टँडवर सुकी मासळी विकणाऱ्या सखुबाईने बराच वेळ बघितलं आणि जवळ जाऊन विचारलं, "कोनाची गो तू? घरी का न जास?" तर म्हणाली, "आता उशीर झाला. आई मारेल." सखुबाईने टोपली दुसरीच्या हवाली केली आणि तिला घेऊन थेट आमच्या दारात आली.

नूतनने तिला सखुबाईसमोरच मारलं. सखुबाईने हात धरला तेव्हा थांबली.

अल्पेशने ठरवलं आहे की दिवाळीनंतर आरोहीला पालीला नूतनच्या बहिणीकडे ठेवायचं. ती बहीण कडक आहे, शिस्त लावेल, असं त्याचं म्हणणं. आरोही ऐकत होती. आपलं दप्तर उचलून आत गेली.

तुझे प्रश्न मी नूतनकडे दिले आहेत. तिने ते कपाटात ठेवून दिले. भरेल असं वाटत नाही.

अंबाजी


नागाव,
३० सप्टेंबर २०२४

कल्पिताताई,

मी नूतन. मी पत्र लिहिते आहे हे बाबांना आणि ह्यांना माहीत नाही. सांगू नका.

तुमचे प्रश्न वाचले. आधी एकदा वाचले आणि ठेवून दिले. काल पाहुणे किनाऱ्यावर गेले तेव्हा परत काढले. ताई, मी ते आरोहीसाठी वाचत होते, पण मला वाटलं हे कोणी माझ्याबद्दल लिहिलंय. सांगितलेलं काम विसरते का. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही का. समोरचा बोलत असताना मन दुसरीकडे जातं का. एक काम करता करता दुसऱ्याला लागते आणि पहिलं तसंच राहतं का.

आमच्याकडे रोह्याच्या बाजूला गावात मला खुळी नूतन म्हणायचे. पाणी आणायला गेले तर हंडा विहिरीवरच ठेवून यायची. आई मारायची, मोठी बहीण पण मारायची. तीच आता पालीला असते. दहावीला दोनदा नापास झाले. मग वडील म्हणाले आता लग्नच करू. इथे आल्यावर मी सगळं मोबाइलमध्ये गजर लावून करते. पाहुण्यांचा चहा, नाश्ता, चादरी, सगळ्याला गजर. ह्यांना वाटतं मी फार टापटिपीची आहे. रात्री अंथरुणावर पडते तेव्हा डोकं फुटायची पाळी आलेली असते.

आरोही पडवीत एक चप्पल हातात घेऊन उभी राहते तेव्हा मला इतका राग का येतो ते मला कळत नव्हतं. बाकी कोणाचा येत नाही तितका येतो. मला वाटायचं आत्ताच मारलं तर सुधारेल, माझ्यासारखी होणार नाही. पण मला मारून मी कुठे सुधारले.

तिला पालीला पाठवायचं नाही. तिथे काय होईल ते मला माहीत आहे. पण ह्यांना मी काय कारण सांगू?

उत्तरं लिहून सोबत पाठवते आहे. आरोहीचीच लिहिली आहेत. कुठे माझं मिसळलं असेल तर तुम्ही ओळखून काढून टाका.

आणि एक विचारायचं होतं. मोठ्या माणसाचं पण हे बघतात का? बघत नसतील तर राहू दे. नुसतं त्याला काय म्हणतात एवढं कळलं तरी चालेल.

नूतन


पनवेल,
५ ऑक्टोबर २०२४

नूतन,

बघतात. मी फक्त मुलं तपासते, पण माझ्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत एक डॉक्टर मोठ्या माणसांना बघतात. हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. मुलाला घेऊन आलेले आईवडील माझे प्रश्न ऐकता ऐकता गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तू पहिली नाहीस. तुला तेच आहे का, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही, पण विचारलंस ते योग्य केलंस. मी कोणाला काही सांगणार नाही.

तू लिहिलेली उत्तरं आरोहीचीच आहेत. मी शाळेकडूनही उत्तरं मागवली होती. वर्गशिक्षिकेने लिहिलं आहे, "शांत, त्रास देत नाही, प्रगती नाही." बाकीचे रकाने तुझ्याशी जुळतात.

अल्पेशला कारण सांगू नकोस. शाळेने डॉक्टरचा दाखला मागितला आहे एवढंच सांग. ते खोटं नाही, मी शाळेला तसं लिहायला सांगितलं आहे. त्याला बरोबर घेऊनच ये. बाकी मी बघते.

आणि मारणं आजपासून बंद कर. ते औषध नाही, हे तू स्वतःच लिहिलं आहेस.

कल्पिता


पनवेल,
२६ ऑक्टोबर २०२४

मामा,

अल्पेश, नूतन आणि आरोही दोनदा येऊन गेले. तुम्हाला सविस्तर कळवायचं कबूल केलं होतं.

आरोहीला एडीएचडी आहे, लक्ष न टिकण्याचा प्रकार. बुद्धी उत्तम आहे, वयाच्या मानाने थोडी वरच. ही शेवटची गोष्ट मी अल्पेशला दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही.

तो आला तेव्हा नाराजच होता. खुर्ची मागे घेऊन मोबाइल बघत बसला. मी आरोहीला विचारलं, वर्गात नक्की काय होतं गं? ती म्हणाली, "बाई बोलतात ते मला ऐकू येतं. मग मध्येच त्या दुसरंच काहीतरी बोलत असतात आणि सगळ्यांच्या वह्या पुढे गेलेल्या असतात."

"मग तू काय करतेस?"

"लिहिल्यासारखं करते. पेन हलवते."

"बाईंना विचारत नाहीस?"

"आधी विचारायचे. त्या म्हणाल्या, आत्ताच तर सांगितलं."

अल्पेशने मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्याने तिला विचारलं, "रेवदंड्याला तू मुद्दाम न्हाय गेलीस?" ती म्हणाली, "नाही पप्पा. नागाव कधी गेलं ते मला कळलंच नाही." निघताना तो माझ्या मदतनिसाला विचारून गेला की पुढच्या वेळी कुठल्या वारी यायचं. पालीचा विषय पुन्हा निघाला तर कळवा. निघेल असं वाटत नाही.

गोळी सुरू केली आहे, सकाळी नाश्त्यानंतर. भूक कमी होईल, रात्रीचं जेवण नीट द्या. पण नुसत्या गोळीने भागणार नाही. शाळेला लिहिलं आहे की पहिल्या बाकावर बसवा, सूचना एका वेळी एकच द्या, पेपरला थोडा जास्त वेळ द्या. घरीसुद्धा तसंच. "आवर सगळं" म्हणू नका. "आधी कंपास दप्तरात ठेव" म्हणा, ते झालं की पुढचं.

ही पूर्ण बदलेल अशी आशा धरू नका. बदलायला ती बिघडलेली नाही. तिला थोडा आधार लागेल, आणि काही वर्षं लागेल.

कल्पिता


नागाव,
४ मे २०२५

चि. कल्पिता,

निकाल लागला. आरोही सहावीत गेली. गणित काठावर आहे, मराठी आणि परिसर अभ्यास चांगला. पेपरची पाठीमागची बाजू सोडवली. बाई स्वतः येऊन पान उलटायची आठवण करून देतात, असं तिने सांगितलं. छत्री यंदाही हरवली, आणि डबाही. दोन्ही मी आणून दिले. गाडीत मात्र आता पुढच्या आसनावर बसते, ड्रायव्हर नागाव आलं की तिला हाक मारतो. हे अल्पेशने जाऊन सांगून ठेवलं आहे. मला न विचारता. एसटीत माझी ओळख असताना.

परवा दुपारी मी तिला विचारलं, गोळीने काय होतं गं? तर म्हणाली, "बाईंचं बोलणं तुटत नाही." तुला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

ऋत्विकने मेच्या सुट्टीत हात मोडून घेतला. नारळावरून नाही, पलंगावरून.

नूतनचं मात्र आश्चर्य वाटतं. दिवाळीपासून तिने आरोहीवर हात उचलला नाही. दर महिन्याला तिला घेऊन पनवेलला येते, एकदाही खाडा नाही. तुमच्याकडे इतका वेळ का लागतो ते मला समजत नाही, आरोही म्हणते आई शेजारच्या खोलीत बसलेली असते, आणि सकाळी गेलेल्या दोघी पार संध्याकाळी परततात. पण येतात त्या बोलत बोलत येतात. गेल्या आठवड्यात दोघींनी गच्चीवर पाहुण्यांच्या चादरी वाळत घातल्या आणि अवेळी सर आली तरी एकीलाही आठवण झाली नाही. सगळ्या भिजल्या. पूर्वी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आता दोघी गच्चीवर गेल्या, चादरींकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि खाली बसून हसायला लागल्या. अल्पेश बघतच राहिला.

मी दिवाळीत नूतनला एकदा जवळ बसवून नीट समजावलं होतं की मुलांना मारून काही होत नाही. तिने तेव्हा मान डोलावली होती, पण ऐकते आहे असं मला वाटलं नव्हतं. आता दिसतं आहे की सगळं ऐकलं होतं. माणसाशी शांतपणे बोललं की ते लक्ष देतं, एवढंच खरं.

तुझा मामा,
अंबाजी